उलार गाडी

प्रवासवर्णन लिहावयास बसलें म्हणजे पाहिलेल्या स्थळांपासून आरंभ करण्याची चाल आहे. आम्ही मात्र निघण्याच्या पहांटेपासून आरंभ करणार आहों. कारण ज्या प्रसंगासाठीं हा लेख लिहीत आहों, त्याचें मूळ रस्त्यावर नसून दारापुढील अंगणांत होतें. आणि त्याचें कर्तृत्व, दुर्दैवानें, आमच्याकडेच होतें.

इ.स. २०२४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस आम्ही उभयतां इंग्लंडांत लीड्स शहरीं आमच्या पुतण्याकडे राहावयास गेलों होतों. मुलांच्या शाळांना नुकतीच सुटी लागली होती. पुतण्यानें बेत केला कीं, उत्तर यॉर्कशायरमध्यें हेल्म्सली गांवाजवळ आठवडाभर मुक्काम करावा. आणि तोही हॉटेलांत नव्हे, तर आपल्याबरोबर ओढीत नेलेल्या घरांत. अशा घरास तिकडे कॅरॅव्हन म्हणतात. त्यांत निजावयास बिछाने, स्वयंपाकास शेगडी, हात धुण्यास मोरी, सामानास कपाटें, सर्व कांहीं असतें. हें घर दोन चाकांवर उभें असतें. दोन्ही चाकें साधारण मध्याखालीं एकाच आंसावर. पुढें एक लोखंडी दांडी. आणि ती दांडी मोटारीच्या पाठीमागील पोलादी गोळ्यावर अडकवावयाची. गोळा केवढा, तर ५० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा!

एवढ्याशा लिंबाच्या आधारावर तेराशें किलो वजनाचा संसार ताशीं पन्नास-साठ मैल वेगानें धांवतो, हें ऐकून आमच्या मंडळीनें विचारलें, "आणि आपण त्यांत बसायचें?"

सूनबाई हंसून म्हणाली, "नाहीं, काकू. चालत्या कॅरॅव्हनमध्यें कोणीं बसायचें नाहीं, असा इथला दंडकच आहे. आपण सगळीं मोटारींत."

हा छंद त्या देशांत जुना आहे. इ.स. १८८५ मध्यें विल्यम गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या नौदलांतील डॉक्टरानें 'वाँडरर' नांवाची घोड्यांची कॅरॅव्हन मुद्दाम बांधवून घेतली आणि तींतून दक्षिण इंग्लंडापासून थेट स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. गाडी अवजड, म्हणून त्याचा एक नोकर तीनचाकी सायकलवर बसून पुढें जाई व समोरून येणारांस सावध करी. इ.स. १९०७ मध्यें अशा हौशी लोकांचा एक क्लब निघाला. आणि पहिलें महायुद्ध संपल्यावर, इ.स. १९१९ पासून, मोटारीमागें जोडावयाच्या कॅरॅव्हन तयार होऊं लागल्या. घोड्यांच्या जागीं मोटार आली, वेग कितीतरी पटींनीं वाढला. पण पुढें राहून सावध करणारा नोकर मात्र गेला. त्याचें काम आतां घरच्या माणसांनींच करावयाचें असतें.

आमचा पुतण्या हें काम मनापासून करणारा. निघण्याच्या आदल्या दिवशीं त्यानें भाड्यानें आणलेल्या कॅरॅव्हनचें भरलेलें वजन करविलें. तें १३०० किलो भरलें. कमाल मर्यादा १४०० ची होती. नंतर दांडीच्या टोंकाखालीं एक छोटेसें यंत्र ठेवून, दांडी मोटारीवर किती भार टाकणार तें त्यानें मोजलें. तो भार ७५ किलो निघाला. एकंदर वजनाच्या शेंकडा ५ ते ७ इतका भार दांडीवर असावा, आणि कॅरॅव्हनचें भरलेलें वजन मोटारीच्या वजनाच्या शेंकडा ८५ हून अधिक, नवशिक्यानें तरी, होऊं देऊं नये, असा तिकडील जाणत्यांचा सल्ला आहे. इ.स. १९९७ नंतर परवाना मिळविलेल्या माणसास मोठी जोडगाडी ओढण्यासाठीं पूर्वीं निराळी परीक्षा द्यावी लागे. इ.स. २०२१ च्या डिसेंबरांत ती अट काढून टाकण्यांत आली, आणि साध्या परवान्यावर ३५०० किलोंपर्यंतची गाडी ओढण्याची मोकळीक मिळाली. "सरकारनें परीक्षा सोडली, म्हणून मी माझी मीच घेतों," असें पुतण्या म्हणाला. आम्ही मात्र मनांतल्या मनांत हंसलों. घरचें सामान सोनाराच्या कांट्यावर घालण्याचा हा प्रकार आम्हांस खुळचटपणाचा वाटला.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्हीं सर्वांच्या आधीं उठून काय केलें, तें आतां सांगतों. मोटारीच्या पाठीमागच्या भागांत, मुलांच्या पायांशीं, कणकेचीं दहा किलोंचीं दोन पोतीं, तेवढेंच एक तांदळाचें, पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरांचा डबा आणि कुकर, मिक्सर वगैरे भांड्यांचें खोकें ठेविलेलें होतें. मुलांस पाय पसरावयास जागा नव्हती. इकडे कॅरॅव्हनच्या अगदीं मागच्या टोंकाचें कपाट रिकामें! वडील माणसाच्या डोळ्यांस अशी अव्यवस्था खपत नाहीं. आम्हीं तें साठ किलोंचें ओझें एक एक करून उचललें आणि त्या कपाटांत नीट लावून ठेविलें. कोणास सांगितलें नाहीं. मुलें जागीं झाल्यावर त्यांस आपोआप सुख होईल, एवढाच हेतु. वजन तरीही मर्यादेच्या आंतच होतें, १३६० किलो. यांत कांहीं चुकलें असेल, ही शंकाही आम्हांस शिवली नाहीं.

लीड्स सोडून आम्ही उत्तरेकडील महामार्गास लागलों आणि पुढें डिशफोर्थपाशीं फुटून थर्स्कच्या रस्त्यावर आलों. मध्यें दुभाजक असलेल्या अशा रस्त्यावर जोडगाडीस ताशीं ६० मैलांची मर्यादा असते. पुतण्या ५५ च्या पुढें जात नव्हता. उजव्या हातास हॅम्बल्टनच्या टेंकड्यांचा सरळ तुटलेला कडा दिसूं लागला. त्या कड्यावर किलबर्न गांवच्या लोकांनीं इ.स. १८५७ मध्यें वरचें गवत खरवडून सुमारें ३०० फूट लांबीचा पांढरा घोडा कोरला आहे. तो कित्येक मैलांवरून ओळखूं येतो. आम्ही नातवंडांस तो बोटानें दाखवीत होतों. रस्त्यास किंचित् उतार लागला होता, आणि एक भली मोठी लॉरी उजव्या बाजूनें आम्हांस ओलांडून पुढें गेली.

तिच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि मोटारीची पाठ डावीकडे ओढली गेल्यासारखी झाली, लगेच उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक वेळीं आधींपेक्षां अधिक. आरशांत पाहतों तों कॅरॅव्हनची भिंत एकदां या कांचेंत, एकदां त्या कांचेंत. सूनबाईनें मागें वळून धाकट्याच्या छातीवर हात दाबून धरला. आम्ही पुढच्या आसनावरून ओरडलों, "ब्रेक लाव! ब्रेक लाव!"

पुतण्यानें ब्रेक लाविला नाहीं. त्यानें वेगाच्या पट्टीवरचा पाय तेवढा काढून घेतला, चक्र दोन्ही हातांनीं घट्ट सरळ धरलें आणि तो तसाच बसून राहिला. मागचें घर आणखी तीन-चार वेळां हेलकावलें. मग एकेक हेलकावा लहान होत गेला, आणि ताशीं ४० मैलांच्या सुमारास गाडी पुन्हा सरळ चालूं लागली. एवढें सगळें घडावयास दहा-बारा सेकंदांहून अधिक वेळ लागला नसेल. लहानपणापासून आमचा शब्द त्यानें कधीं खालीं पडूं दिला नव्हता. त्या दिवशीं त्यानें तो मोडला, म्हणूनच हा लेख लिहावयास आम्ही शिल्लक आहों.

रस्त्याच्या कडेस थांबण्याची जागा येतांच त्यानें गाडी बाजूस घेतली, तें यंत्र काढलें आणि दांडीखालीं लाविलें. आदल्या दिवशीं ७५ दाखविणारा कांटा ३५ वर होता. त्यानें मागचें कपाट उघडलें.

"काका, हीं पोतीं इथें कोणीं ठेवलीं?"

आमची मंडळी घाईघाईनें म्हणावयास लागली कीं, मींच सांगितलें होतें. तें खरें नव्हतें. आम्हीं आपली करणी कबूल केली. पुतण्या एक शब्द अधिक बोलला नाहीं. पोतीं व डबा पुन्हा मोटारींत आले, भांड्यांचें खोकें कॅरॅव्हनमध्यें बरोबर आंसावर, जमिनीलगत ठेविलें गेलें, आणि मुलांनीं आपले पाय पूर्ववत् पोटाशीं घेतले.

त्या रस्त्याच्या कडेस उभें असतां आम्हांस एक शब्द आठवला, जो गेल्या साठ वर्षांत आम्हीं उच्चारला नव्हता: उलार. आमच्या लहानपणीं सुटीला गांवीं जावयाचें तें बैलगाडींतून. ट्रंका, वळकट्या, धान्याचीं पोतीं गाडींत चढविलीं म्हणजे गाडीवान बैल जुंपण्यापूर्वीं जू हातानें उचलून पाही. फार हलकें लागलें तर म्हणे, "गाडी उलार आहे. एक पोतें पुढें घ्या." कारण ओझें आंसाच्या मागें गेलें म्हणजे गाडी मागें कलते, जू वर उचललें जातें, आणि गळ्याखालच्या पट्ट्यानें बैलाचा श्वास कोंडतो. फार जड लागलें तर तो पोतें मागें सरकवी. नाहीं तर सगळा भार बैलांच्या मानेवर. त्या निरक्षर माणसाचा तळहात आणि पुतण्याचें यंत्र हीं एकच वस्तु होती. आम्हीं तिला खूळ म्हटलें. कारण गाडीवानाचें शहाणपण पाहूनही आम्ही फक्त गाडींत बसणारेच राहिलों होतों.

उलार बैलगाडी बैलास त्रास देते. उलार कॅरॅव्हन माणसास मारते. दोहोंतील फरक वेगाचा. दांडी हलकी झाली कीं मोटारीच्या मागच्या चाकांवरील भार कमी होतो व त्यांची रस्त्यावरील पकड सैल पडते. शिवाय आंसापासून दूर, अगदीं टोंकाशीं ठेविलेलें ओझें घड्याळाच्या लंबकासारखें वागतें: एकदां हललें कीं थांबवत नाहीं. प्रत्येक जोडगाडीस एक ठराविक वेग असा असतो कीं, त्याच्या खालीं असेपर्यंत बसलेला हेलकावा आपोआप विरतो, आणि त्याच्यावर गेल्यावर तोच हेलकावा स्वतःच वाढत जातो. ओझें वाईट रीतीनें लाविलें म्हणजे ही मर्यादा खालीं येते. बाथ विद्यापीठांतील संशोधकांनीं प्रयोगासाठीं मुद्दाम बनविलेल्या कॅरॅव्हनवर चाचण्या घेऊन इ.स. २००९ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतही ओझ्याची मांडणी, दांडीवरील भार आणि आंसाची जागा यांसच महत्त्व दिलेलें आहे. उतारावर मागचें ओझें पुढच्या मोटारीस ढकलूं लागतें, म्हणून धोका वाढतो. अशा वेळीं ब्रेक जोरानें दाबला तर मोटार थांबूं पाहते, मागचें घर थांबत नाहीं. तें बाजूनें पुढें येऊं लागतें आणि दोहोंची घडी मिटते. वेग वाढवून गाडी सरळ होते, ही समजूतही तितकीच घातक. पाय काढावा, चक्र सरळ धरावें, आणि धीर धरावा, एवढाच उपाय. आमची आज्ञा याच्या नेमकी उलट होती!

थर्स्क सोडल्यावर हेल्म्सलीस जाण्याचा सरळ रस्ता म्हणजे ए-१७०. तो समोरच्या कड्यावर, सटन बँक नांवाच्या घाटानें, चढतो. पण या घाटांत कॅरॅव्हनला मज्जाव आहे, इ.स. १९८४ पासून ही बंदी लागू आहे, आणि तशा पाट्या बऱ्याच अलीकडून लावलेल्या आहेत. आम्हीं त्या पाट्या निमूटपणें पाळल्या, आणि ए-१९ वरून दक्षिणेस वळसा घालून कॉक्सवोल्डच्या वाटेस लागलों. या आडवाटेचें आम्हांस दुःख झालें नाहीं. कॉक्सवोल्ड हें दगडी घरांचें टुमदार खेडें. विख्यात इंग्रज कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न इ.स. १७६० पासून १७६८ मध्यें मृत्यु येईपर्यंत येथें धर्मोपदेशक होता. ज्याच्या कथेनें कधीं सरळ वाट धरली नाहीं, अशा लेखकाचें गांव वळशाच्या वाटेवर लागावें, हा योग आम्हांस मौजेचा वाटला. पुढें बायलंड येथील सिस्टर्शियन मठाचे भग्नावशेष लागतात. हा मठ इ.स. १५३८ मध्यें राजाज्ञेनें बंद पडला. त्याच्या पश्चिमेकडील भिंतींत एका प्रचंड वर्तुळाकार खिडकीचा केवळ खालचा अर्धा भाग उभा आहे. तींतून आतां आकाश दिसतें. ॲम्पलफोर्थचा बेनेडिक्टाइन मठ डावीकडे टाकून आम्ही दुपारीं हेल्म्सलीस पोंचलों.

दुसऱ्या दिवशीं कॅरॅव्हन मुक्कामीं ठेवून नुसत्या मोटारीनें आम्ही सटन बँकेच्या माथ्यावर गेलों. हेल्म्सलीकडून चढ सौम्य आहे. सुमारें सात मैल गेल्यावर जमीन एकदम संपते आणि पायाखालीं सारें यॉर्कचें खोरें पसरतें. जनावरांचे डॉक्टर व लेखक जेम्स हेरियट यांनीं हें दृश्य इंग्लंडांत सर्वांत सुंदर म्हणून वाखाणलें आहे. कड्याच्या तळाशीं झाडींत गोर्मायर नांवाचें तळें आरशासारखें दिसतें. आमचें लक्ष मात्र रस्त्याकडे होतें. या घाटाचा सर्वांत कठीण चढ चारांस एक आहे. म्हणजे चार फूट पुढें गेलें कीं एक फूट वर. तुलनेसाठीं सांगतों: इ.स. १८६३ मध्यें पुरा झालेल्या आपल्या बोरघाटांतील लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस एक फूट आहे, आणि तेवढ्यासाठीं आजही गाड्यांस मागून जादा इंजिनें लावितात. रेल्वेची आणि रस्त्याची तुलना अगदीं चोख नव्हे. पण चारांस एक म्हणजे काय, याची कल्पना यावी. त्यांत कोंपरासारखें वळण. चढतांना मोटारीची शक्ति संपली तर मागचें घर तिला खालीं ओढणार. उतरतांना ब्रेक तापून निकामी झाले तर तेंच घर तिला पुढें ढकलणार. आदल्या दिवशीं किंचित् उतारावर जें पाहिलें, तें या उतारावर आठवून आम्ही कठड्यापासून मागें सरलों.

याच कड्याच्या परिसरांत इ.स. १३२२ च्या ऑक्टोबरांत स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस यानें इंग्रज सैन्याचा पराभव केला. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड जवळच्याच मठांत उतरला होता. वार्ता कळतांच तो आपलें चांदीचें सामानसुमान तेथेंच टाकून पळाला, आणि म्हणून शत्रूच्या हातीं लागला नाहीं. राज्यकर्ता म्हणून त्याची ख्याति बरी नाहीं. पण ओझें केव्हां टाकावें, एवढें तरी त्यास कळत होतें.

आठवडा आनंदांत गेला. परततांना मोटारीमागची दांडी आम्हीं स्वतः मोजली. कांटा ७८ वर होता. महामार्गावर वाहनांची लांबच लांब रांग लागलेली दिसली. पलीकडच्या बाजूस एक कॅरॅव्हन आडवी पडली होती. पडली होती म्हणण्यापेक्षां, उलगडली होती. या घरांच्या भिंती म्हणजे पातळ पत्रा, हलक्या फळ्या व लांकडी पट्ट्या. उलटल्यावर त्यांचें घरपण क्षणांत संपतें. उशा, किटली, एक तांबडी बादली, पुस्तकें रस्त्यावर विखुरलीं होतीं. ती ओढणारी मोटार उलट तोंड करून उभी. कठड्यापलीकडे गवतांत चार माणसें उभीं होतीं, दोन मोठीं व दोन लहान, अंगावर घोंगड्या घेऊन. आम्हीं तीं दोनदां मोजलीं. चौघेंही आपल्या पायांवर उभीं होतीं.

आमची नऊ वर्षांची नात कांचेला नाक लावून पाहत होती. तिनें विचारलें, "आजोबा, त्यांनीं पण पोतीं मागें ठेवलीं होतीं का?"

वाऱ्याची झडप असेल, टायर फुटला असेल, वेग अधिक असेल. कारणें अनेक असतात. आम्हांस ठाऊक नाहीं, असेंच आम्हीं तिला सांगितलें. पण ती 'पण' म्हणाली, तें आमच्या मनास लागून राहिलें.

वाचकहो, आपल्यापैकीं फार थोड्या कुटुंबांस कॅरॅव्हन ओढण्याचा प्रसंग येईल. परंतु गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर या भागांतील रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागें उंसानें शीग भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या चाललेल्या आपण पाहतोंच. अंधारांत मागें तांबडा दिवा नाहीं, चकाकणारी पट्टी नाहीं, अशी उभी ट्रॉली न दिसल्यामुळें कित्येक घरांचे कर्ते पुरुष गेले आहेत. घरच्या मोटारीच्या टपावर लग्नाचें सामान बांधतांना, गणपतीला कोंकणांत निघतांना, मागच्या बाजूस पोतीं रचतांना हाच प्रश्न आपल्या दारांत उभा असतो. अपघात झाला म्हणजे आपण चालविणाराकडे बोट दाखवितों. पुष्कळदां तो अपघात निघण्यापूर्वींच कोणीतरी, प्रेमानें, न विचारतां, बांधून दिलेला असतो.

एकत्र कुटुंबांत प्रत्येकजण गाडींत कांहीं ना कांहीं ठेवितो, आणि वडिलांनीं ठेविलेलें हलविण्याचा धीर कोणास होत नाहीं. तेव्हां आमच्या वयाच्या वाचकांस आमची एवढीच विनंती आहे: गाडींत कांहीं ठेवण्यापूर्वीं, जो ती चालविणार त्याला विचारावें, आणि त्यानें "काका, हें पुढें घेऊं का?" असें म्हटलें, तर आपल्या हातानें पुढें घ्यावें.